पणजीत पहिली हाफ मॅरेथॉन: १० किमीच्या पुढचं अंतर कसं निभवायचं?

फोंड्याची_पहाट

नमस्कार. डिसेंबरच्या मध्यावर पणजीत असलेल्या हाफ मॅरेथॉनला (२१.१ किमी) नाव घातलंय. सुटायची वेळ पहाटे ५, मार्ग मिरामार-दोनापावल भागातला, चढ दोनदा लागतो, मुदत साडेतीन तास. वय ३८, वजन ६० किलो. सध्या आठवड्यातून तीनदा मिळून २४ किमी धावते. १० किमीला ६५ मिनिटं लागतात. पण रविवारी १२ किमीला गेलं की शेवटच्या दोन किमीत पाय उचलत नाहीत. वेग तोच ठेवला तरी घड्याळात ठोके १७५ च्या वर जातात.

चवथ (गणपती) आटोपली, आता १४ आठवडे हातात आहेत. तेवढे पुरतील का? कोणती वेळ धरून तयारी करावी? पाणी, मीठ, जेल (धावताना घ्यायचं पुडीतलं साखरेचं दाट मिश्रण) यांचं गणित काय? आणि फोंड्यात सपाट रस्ता मिळत नाही, सगळीकडे चढउतार, त्याचं काय करायचं?

खाजन_बांध

१४ आठवडे पुरेसे आहेत, कारण तुमचा पाया २४ किमीचा आहे. शून्यातून सुरू करणाऱ्याला मी पुढच्या वर्षी धावा म्हटलं असतं.

आधी ठोक्यांबद्दल, कारण गोव्यातली निम्मी चूक तिथेच होते. १२ व्या किमीला १७५ ठोके पडतात त्याचं कारण पायांत कमी आणि हवेत जास्त आहे. घाम नुसता येऊन अंग थंड होत नाही, तो वाळावा लागतो. पहाटे तापमान २२ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो आकडा, २० च्या आसपास असतो. अशा हवेत घाम अंगावरून निथळतो, वाळत नाही. मग शरीर रक्त कातडीकडे वळवतं. घामामुळे रक्तातलं पाणीही कमी झालेलं असतं, त्यामुळे दर ठोक्याला हृदयातून कमी रक्त बाहेर पडतं आणि ती तूट ठोके वाढवून भरून निघते. म्हणजे वेग तोच राहिला तरी शरीराचे कष्ट वाढलेले असतात. हवामानाच्या ॲपमध्ये टक्केवारीपेक्षा दवबिंदू बघायची सवय लावा. तो २० च्या वर असेल त्या दिवशी किमीला १५-२० सेकंद सोडून द्यायचे, मनात हिशोब करत बसायचं नाही.

वेळेचा अंदाज: पीटर रीगल यांच्या १९७७ च्या सूत्राने १० किमीच्या वेळेला साधारण २.२ ने गुणलं की हाफचा अंदाज मिळतो. ६५ मिनिटांवरून २ तास २३ मिनिटं येतात. पण हे सूत्र पुरेसं अंतर पायांत मुरलेल्या धावकाला लागू पडतं, आणि तुमच्या मार्गावर चढ आहे, हवा दमट आहे. २ तास ३० मिनिटं धरा. म्हणजे सरासरी ७:०६ (७ मिनिटं ६ सेकंद) प्रति किमी.

आता आठवडा. तीनाऐवजी चार दिवस करा, तेही चौथा दिवस फक्त ४ किमी रमतगमत. मंगळवारी ६-७ किमी सावकाश. गुरुवारी मेहनतीचा दिवस: २ किमी अंग गरम करून ८-८ मिनिटांचे तीन टप्पे अशा वेगाने, की एका दमात तीन-चार शब्दच बोलता येतील, मध्ये २ मिनिटं चाल. पुढे हे वाढवत १५-१५ मिनिटांच्या दोन टप्प्यांवर न्या. शनिवारी ते ४ किमी. रविवारी लांब पल्ला, ७:३० ते ८:०० च्या वेगाने, पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या आरामात. तुम्ही सध्या रविवारी १० किमीच्याच वेगाने निघत असाल, असा माझा दाट संशय आहे. १२ व्या किमीला पाय उचलत नाहीत ते त्यामुळेच.

रविवारचे आकडे क्रमाने: १२, १३, १४, १०, १५, १६, १२, १७, १८, १४, १९, १५, १०, आणि चौदाव्या आठवड्यात स्पर्धा. मधले १०, १२ आणि १४ चे आठवडे चुकून लिहिलेले नाहीत. स्नायू दोन-तीन आठवड्यांत जुळवून घेतात, हाडं आणि कंडरा मागे राहतात, त्यांना हा उसंतीचा आठवडा लागतो. तो गाळला की नडगीचं दुखणं किंवा ताणाचं बारीक फ्रॅक्चर येतं. फरक असा ओळखायचा: नडगीच्या कडेने लांबवर दुखत असेल तर दोन-तीन दिवस विश्रांती घेऊन बघा, एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल आणि एका पायावर उडी मारताना कळ येत असेल तर धावणं बंद आणि हाडांचा डॉक्टर. आठव्या आठवड्यापासून रविवारच्या शेवटच्या ४ किमीत स्पर्धेचा वेग धरा.

फोंड्याचे चढ तुमच्या कामाचेच आहेत. फर्मागुडीचा चढ गुरुवारी महिन्यातून दोनदा करा: ६० सेकंद वर, चालत खाली, सहा ते आठ वेळा. मात्र हमरस्त्यावर ट्रक सुरू होण्याआधी उरका, किंवा वर पठारावर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बाजूला करा. चढावर पावलं आखूड, नजर १०-१५ मीटर पुढे, हात मागे नीट खेचायचे. वेग किमीला ३०-४० सेकंदांनी पडला तर पडू द्या. कष्ट तेवढेच राहिले पाहिजेत. उतारावर टाचेने ब्रेक लावत उतरलं की मांडीच्या पुढच्या स्नायूची वाट लागते. किंचित पुढे झुकून भराभर छोटी पावलं टाका.

सपाट रस्ता हवा असेल तर महिन्यातून एका रविवारी पणजीला या. पाटो ते रायबंदर हा पोर्तुगीज काळातला बांध, १६३३-३४ चा, सव्वातीन किमीच्या आसपास, एका पातळीत आहे. दोन्ही बाजूंना खाजनं (खाऱ्या पाण्याकाठची सखल शेतं) आणि खारफुटी, सावली नाही, पदपथ नाही. म्हणून साडेपाचपर्यंत सुरुवात, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून धावायचं, आणि सात वाजले की तिथून निघायचं. एकाच कडेने मात्र सतत धावू नका. रस्ता पाणी वाहून जायला कडेकडे उतरता असतो. एक पाय कायम खाली पडला की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागतं. जिथे रस्ता रुंद आणि रिकामा असेल तिथे मधल्या सपाट पट्ट्यावर या.

आडसर

खाण्यापिण्याचं मी सांगतो. आधी स्वतःचा घाम मोजा. एक तास धावण्याआधी कमीत कमी कपड्यांत वजन करा, परत आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. ७०० ग्रॅम कमी झालं आणि वाटेत २०० मिली पाणी प्यालात, तर तासाला ९०० मिली घाम गेला. ऑक्टोबरच्या उकाड्यात एकदा आणि नोव्हेंबरअखेर एकदा मोजा, आकडा बदललेला दिसेल.

जेल सक्तीचं नाही, पण अडीच तासांच्या पळण्यात पोटात काही न टाकता शेवटचे ५ किमी धावणं कठीण. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हा नेहमीचा पल्ला. पहिल्या वेळी खालच्या आकड्याजवळ राहा. एका जेलमध्ये २० ते २५ ग्रॅम असतात. ४५ मिनिटं, १ तास २० आणि १ तास ५५ ला एकेक, सोबत साधं पाणी. इलेक्ट्रॉलच्या (मीठ-साखरेच्या पुडीच्या पाण्याच्या) घोटासोबत जेल घेतलं की पोटातलं द्रावण फार दाट होतं आणि मळमळ सुरू होते. जेल आवडत नसेल तर बिया काढलेल्या खजुराचे चार दाणे, साधारण तेवढीच साखर मिळते. चिक्की नको, धावताना चावताना ठसका लागतो. जे घ्यायचं ते १५ किमीच्या वरच्या प्रत्येक रविवारी घेऊन बघायचं. आतड्यांनाही सराव लागतो.

आदल्या दिवशी दुपारचं जेवण मोठं, रात्रीचं हलकं: भात, वरण, थोडं लोणचं. शागुती (मसालेदार रस्सा), खुबे (शिंपले), सुंगटं (कोळंबी), तळलेलं काही नको. पहाटे तीनच्या सुमाराला पाव आणि जॅम किंवा मध, एक केळं. रोजच्या खाण्यात पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव) चांगली, पण तिच्यात कोंडा असतो, त्यामुळे स्पर्धेच्या पहाटे साधा पावच. सोलकढी परत आल्यावर. नारळाचं दूध धावण्याआधी पोटात जड बसतं. उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, धावून आल्यावर यासारखं दुसरं काही नाही: पाणी, मीठ आणि भात एकाच वाटीत. सोबत उकडलेली दोन अंडी किंवा मूग घ्या, नुसत्या पेजेत प्रथिनं कमी पडतात.

पाण्याच्या प्रत्येक टेबलावर थांबून दोन पेले प्यायचे आणि मिठाची गोळी ठेवायची, म्हणजे वांब (स्नायूत पेटका) येत नाही.

बांबोळी_डांबर

आडसर, बाकी सगळं पटलं, शेवटचं वाक्य नाही. हे इथे स्पष्ट लिहिणं गरजेचं आहे, कारण नवा आणि सावकाश धावणारा माणूसच यात सापडतो.

प्रत्येक टेबलावर दोन पेले म्हणजे दर दोन-अडीच किमीला सुमारे ३०० मिली, म्हणजेच तासाला एक लिटरच्या आसपास. यांचा घाम तासाला ९०० मिली असेल तर शेवटी वजन वाढलेलं निघेल. रक्तातलं सोडियम पातळ होतं, त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त तपासलं गेलं, त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम मर्यादेखाली गेलेलं आढळलं. शर्यतीत वजन वाढलेले आणि चार तासांहून जास्त वेळ रस्त्यावर असलेले लोक त्यात पुढे होते. लक्षणं: बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, डोकेदुखी, उलटी, बोलण्यात गोंधळ. अशा माणसाला तहान लागली असेल म्हणून आणखी पाणी पाजलं तर जिवावर बेततं. त्याला थेट वैद्यकीय तंबूत न्यायचं. मिठाच्या गोळीने हे टळत नाही, कारण मूळ दोष जास्त पाण्याचा असतो.

६० किलोच्या व्यक्तीने धावून आल्यावर वजन २ टक्के, म्हणजे १.२ किलोच्या आत घटू द्यावं. अडीच तासांत २.२५ लिटर घाम जाणार. तासाला ४००-४५० मिली प्यालं की घट दोन टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. म्हणजे टेबलाला एक पेला, तोही तीन-चार घोट, आणि तहान सांगेल तसं थोडं कमी-जास्त. कागदी पेल्याची वरची कड चिमटीत दाबून चोच करा, मग धावताना पाणी नाकात जात नाही. उरलेलं मानेवर ओता, बुटांवर सांडू देऊ नका.

मीठ हवं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणातलं ओआरएस घ्या: लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट. पुडी एक लिटरचीच आहे ना ते बघून एक लिटरच पाण्यात घाला. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, सोडियम कमी, म्हणून घामाची भरपाई त्याच्यावर सोडू नका. वांब बहुतेक वेळा थकलेल्या स्नायूला झेपेल त्याहून जास्त वेग दिल्याने येतो. आला की थांबून तो स्नायू ताणायचा: पोटरी असेल तर पायाची बोटं नडगीकडे ओढून ३० सेकंद.

आणखी एक. धावण्याआधी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं घेऊ नका. शरीरातलं पाणी कमी असताना मूत्रपिंडाकडे रक्त आधीच कमी जातं, ही औषधं ते आणखी घटवतात. ताप असेल किंवा आठवडाभरात येऊन गेला असेल तर नाव घातलेलं असलं तरी धावू नये. तुमच्या वयात एकदा रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. घरात कुणाला लहान वयात हृदयविकार झाला असेल तर ईसीजीही. फेरिटिन कमी असलेली बाई कितीही सराव करो, ठोके चढेच राहू शकतात.

कांपाल_ते_मिरामार

सरावाचं वरच्यांनी सांगितलंय. अंगावर काय घालायचं तेवढं मी सांगते.

बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय किंचित फुगलेले असतात. पुढे अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे, म्हणजे रोजच्या चपलेपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा. स्पर्धेचे बूट सहा आठवडे आधी घ्या आणि त्यांत ८०-१०० किमी काढा. दोनापावलच्या उतारावर पाय पुढे सरकला की अंगठ्याचं नख काळं पडतं. त्यावर उपाय म्हणजे नाडीचं सर्वांत वरचं जादा भोक: त्याच बाजूच्या दोन भोकांतून नाडीचा फास करा, समोरची नाडी त्या फासातून ओवा आणि खाली खेचून बांधा. टाच जागच्या जागी बसते. नखं स्पर्धेच्या चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

मोजे सुती नकोत. घाम पायांपर्यंत ओघळतो, सूत ते धरून ठेवतं आणि बाराव्या किमीला फोड येतो. मांड्यांच्या आत, काखेत आणि स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्ट्याखाली व्हॅसलीन जाडसर लावा. खोबरेल तेल तासाभरात घामाबरोबर निघून जातं. ब्रा नवी असेल तर आधी दोनदा धुवा. पट्ट्याच्या आतली शिवण बोटाने चाचपून बघा, जिथे खरखर लागते तिथेच सोलवटतं. पुरुषांनी छातीवर चिकटपट्टी लावावी.

पावसात बूट भिजले की आतलं इनसोल काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. उन्हात ठेवलेत तर डिंक सुटतो. शेवाळ आलेल्या चिऱ्याच्या पायवाटेवर आणि ओल्या झेब्रा पट्ट्यांवर पाय घसरतो, तिथे चाला.

पहाटे अंधारात एकटीने जाऊ नका. उजळ रंगाचा टीशर्ट, मागे लाल चमकता दिवा. कुत्री अंगावर आली तर पळू नका. थांबा, नजर न भिडवता बाजूने हळू चाला. चावा किंवा ओरखडा झालाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस सुरू करा, जखम कितीही छोटी दिसो.

फोंड्याची_पहाट

मनापासून आभार सगळ्यांचे. रविवारी १० किमीच्याच वेगाने निघते हे बरोबर ओळखलंत. तीन शंका राहिल्या. सरावात २१ किमी एकदाही न धावता स्पर्धेत जायचं का? दिवाळीच्या सुमाराचा लांब पल्ला कधी करावा? आणि घड्याळ नेहमी अंतर जास्त दाखवतं, मग वेग कशावरून धरायचा?

खाजन_बांध

१९ पुरेत. ७:४५ च्या वेगाने १९ किमी म्हणजे जवळजवळ अडीच तास पायांवर, तुमच्या स्पर्धेएवढाच वेळ. २१ पूर्ण करायला गेलात तर त्याचा थकवा पुढचा आठवडा खातो आणि हाती फारसं लागत नाही. तयारीची खूण अशी: १९ नंतर बुधवारपर्यंत पाय मोकळे वाटले पाहिजेत.

दिवाळीचा पल्ला नरकचतुर्दशीच्या पहाटे ठेवू नका. रात्रभर नरकासुराच्या पुतळ्यांचा कार्यक्रम चाललेला असतो, पहाटे रस्त्यावर जळलेल्या सांगाड्यांच्या तारा, खिळे, फटाक्यांचा कचरा आणि न झोपलेले दुचाकीस्वार. दोन दिवस आधी किंवा नंतर करा. फराळाची चिंता नको, फोव (पोहे) तर लांब पल्ल्याच्या आदल्या दिवशी उत्तमच.

घड्याळाचं असं: मार्ग मोजताना वळणांच्या आतल्या बाजूने सर्वांत कमी अंतर धरतात, वर किमीमागे एक मीटर जादा घालतात. आपण वळणावर बाहेरून जातो, लोकांना ओलांडतो, शिवाय झाडांखाली जीपीएस वाकडं चालतं. २१.१ च्या जागी २१.३ किंवा २१.४ दिसतील. म्हणून घड्याळात दर किमीला आपोआप होणारा लॅप (टप्प्याची नोंद) बंद करा आणि रस्त्यावरच्या किमीच्या फलकापाशी स्वतः बटण दाबा. पहिले ५ किमी ७:२० ने, एकूण ३६:४०. तिथून १६ पर्यंत ७:०५, म्हणजे १६ च्या फलकाशी १:५४:३५. उरलेल्या ५.१ किमीला ३५ मिनिटं २५ सेकंद मिळतात, ६:५७ चा वेग. ५ ला सुटलात तर तेव्हा सात वाजायला आले असतील, डिसेंबरात नेमकं त्याच सुमाराला ऊन येतं. शक्ती राखून ठेवायची ती या टप्प्यासाठी. पहिल्या किमीत सगळे पुढे पळतात. त्या गर्दीत ६:३० ने गेलात तर १६ व्या किमीला त्याची वसुली होते.

आडसर

बांबोळी_डांबर यांचं पाण्याचं गणित धरा, दोन पेल्यांचं माझं वाक्य सोडून द्या.

जाण्यायेण्याचं: बिब (छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद) बहुतेक ठिकाणी स्पर्धेच्या दिवशी देत नाहीत, आदल्या दिवशी घ्यावा लागतो. तो घ्यायला पणजीला येणारच आहात तर रात्री तिथेच मुक्काम करा, नाहीतर फोंड्याहून साडेतीनला निघावं लागेल. बिबच्या मागे चिप असते, ती दुमडू नका, चारही कोपऱ्यांना पिना लावा आणि वरून पाण्याच्या बाटलीचा पट्टा बांधू नका. तुमची वेळ तुम्ही सुरुवातीची पट्टी ओलांडल्यापासून मोजली जाते, म्हणून पहिल्या रांगेत उभं राहायची घाई नको. २ तास ३० चा पेसर (ठरलेल्या वेळेत धावून वेग दाखवणारा) असेल तर त्याच्या मागे थोड्या अंतरावर उभ्या राहा, आणि पाण्याच्या टेबलाशी तो घोळका थांबला तर पहिलं टेबल सोडून शेवटच्या टेबलावरून पेला घ्या.